नुसत्या खेळावर भारतरत्न?

निळू_का
हॉकीपटू ध्यानचंदांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, जवळ आला की 'ध्यानचंदांना भारतरत्न द्या'च्या पोस्टींना पूर येतो आणि ३० तारखेला तो ओसरतो. यंदा तो पूर यायच्या आधीच धागा काढतोय, म्हणजे निवांत भांडता येईल.

आधी नियमांचं बघू. १९५४ साली भारतरत्न सुरू झालं तेव्हा ते साहित्य, कला, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा यांच्यासाठी होतं. खेळाडू त्यात बसतच नव्हता. २०११ च्या अखेरीस निकष सैल झाले आणि 'मानवी कर्तृत्वाचं कुठलंही क्षेत्र' असं झालं. कोणासाठी झालं हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळत होतं. १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर सचिनची दोनशेवी कसोटी संपली, त्याचं ते भाषण झालं, खेळपट्टीला नमस्कार झाला, आणि लोकांचे डोळे पुसून होतात न होतात तोवर घोषणा आलीसुद्धा. त्याच दिवशी रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांनाही भारतरत्न जाहीर झालं होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांचा फोटो केवढा होता ते आठवून बघा.

आता गंमत. पद्म पुरस्कारांच्या मार्गदर्शक सूचना वाचल्यात का कोणी? त्यात स्वच्छ लिहिलंय की आपल्या क्षेत्रातलं नुसतं प्रावीण्य पुरेसं नाही, 'एक्सलन्स प्लस' हवं, आणि कामात सार्वजनिक सेवेचा अंश हवा. भारतरत्नाला मात्र सर्वोच्च दर्जाची सेवा किंवा कामगिरी, यातलं काहीही चालतं. म्हणजे पद्मश्रीला समाजसेवा दाखवा आणि त्याच्या तीन पायऱ्या वरच्या भारतरत्नाला नुसती कामगिरी दाखवली तरी भागेल! हा जिना कोणी बांधला?

माझं मत: खेळातलं कर्तृत्व पुरेसं आहे. भीमसेन जोशींना भारतरत्न मिळालं तेव्हा 'पण त्यांनी दवाखाने किती काढले?' असं कोणी विचारलं नव्हतं. गवयाला जो प्रश्न नाही तो खेळाडूला का? माझी हरकत आहे ती वेळेला. स्टेडियम रिकामं व्हायच्या आत सन्मान देऊ नये. निवृत्तीनंतर निदान दहा वर्षं थांबावं आणि मग विचारावं, की हा माणूस नसता तर या देशात तो खेळ वेगळा राहिला असता का?

बोला.

गल्ली_क्रिकेट
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हा धागा शतक मारणार, आणि ९९ वर अडकणार.

सोलकढी
निळूकाका, गवयाची तुलना चलाखीची आहे, पण पटली नाही.

एक आकडा सांगते. सचिनला पद्मश्री मिळाली १९९९ मध्ये, ऐन पंचविशीत. गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांना मिळाली २०१८ मध्ये. त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि घरातच उपचार करायचे. त्यातून बालमृत्यू कमी करून दाखवले आणि ती पद्धत पुढे देशभर गेली. सिंधुताई सपकाळांना पद्मश्री २०२१ मध्ये. वय बघा, काम बघा, वर्ष बघा.

सचिनबद्दल मला राग नाही, मीही शारजाच्या सामन्यांच्या वेळी देव पाण्यात ठेवलेत. पण 'रत्न' म्हणताना देशाने कोणाकडे बोट दाखवायचं? शतक बघून माझा दिवस छान गेला एवढ्यावर? मनोरंजन आणि उपकार यात काही फरक ठेवाल की नाही?

गल्ली_क्रिकेट
@सोलकढी, २००८चा डिसेंबर आठवतो का? २६/११ ला तीन आठवडेही झाले नव्हते. इंग्लंडचा संघ घरी जाऊन परत आला होता. चेन्नईत चौथ्या डावात ३८७ करायचे, आणि सचिन नाबाद १०३. विजयी धाव आणि शतक एकाच फटक्यात. शतक त्याने मुंबईच्या लोकांना वाहिलं. मी तेव्हा रोज सीएसटीवरून जात होतो. त्या संध्याकाळी गाडीत अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला लागली होती. त्या तीन आठवड्यांत ते बंद झालं होतं. याला मनोरंजन म्हणायचं तर म्हणा.

सोलकढी
हे मान्य. पण त्याला आभार म्हणतात, पुरस्कार नाही.

चक्रमादित्य
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

कलम_अठरा
धागाकर्त्याने नियम काढलेच आहेत तर पूर्ण काढू.

भारतरत्नासाठी औपचारिक शिफारस लागत नाही. पंतप्रधान राष्ट्रपतींना नाव सुचवतात, संपलं. समिती नाही, अर्ज नाही. वर्षाला जास्तीत जास्त तीन असा दंडक, तोही पाळला जातोच असं नाही. २०२४ मध्ये पाच दिले. रोख रक्कम नाही. एक सनद आणि पिंपळपानाच्या आकाराचं पदक. घटनेच्या कलम १८ मुळे नावाच्या मागेपुढे लावताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या बालाजी राघवन खटल्यात हे पुरस्कार वैध ठरवले, पण ते पदव्या नाहीत हेही बजावलं. त्यामुळे 'भारतरत्न अमुकतमुक' असे फ्लेक्स लावणाऱ्या मंडळांनी नोंद घ्यावी.

१९७७ ते १९८० जनता सरकारने हे सगळे पुरस्कार बंदच केले होते. त्या काळात देशाचं काही अडलं होतं असं ऐकिवात नाही.

सांगायचा मुद्दा: आजवर ५३ जणांना भारतरत्न मिळालं, त्यात खेळाडू एक. यावरून तत्त्व काढणं म्हणजे एका शितावरून भाताची नव्हे, अख्ख्या पंगतीची परीक्षा. तो निर्णय राजकीय होता. त्याला निकष चिकटवत बसू नका.

संपादक मंडळ
पक्षीय प्रतिसाद उडवले जातील. एक आत्ताच उडाला. फुले दांपत्याच्या भारतरत्नाच्या मागणीवर वेगळा धागा आहे, तो वर आणला आहे.

कऱ्हाडकाठ
एवढे प्रतिसाद झाले आणि कुस्तीगीर खाशाबा जाधवांचं नाव नाही? कमाल आहे.

त्यांचं गाव गोळेश्वर, माझ्या आजोळापासून हाकेच्या अंतरावर. १९५२, हेलसिंकी, बँटमवेट फ्रीस्टाइल, कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला १९९६ उजाडलं. जायला पैसे नव्हते म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. गावागावांतून वर्गणी झाली. परत आल्यावर कऱ्हाड स्टेशनातून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि आल्यावर या गड्याने काय केलं? कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, स्वतः लढला, आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं.

सरकारने काय दिलं? १९५५ ला पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी. ती २५हून जास्त वर्षं केली. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. पद्म एकही नाही. त्याच हेलसिंकीत हॉकीत सुवर्ण जिंकणाऱ्या बलबीरसिंगांना १९५७ला पद्मश्री मिळाली होती, म्हणजे खेळाडूला द्यायचंच नाही असं काही धोरण नव्हतं. फक्त इकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आता नियमाची गोम बघा, @कलम_अठरा यांनी ही सोडली. पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत. दिलाच तर मृत्यू प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या साधारण वर्षभरात झालेला हवा. म्हणजे खाशाबांना पद्मश्रीचं दार बंद. भारतरत्नाला अशी अट नाही. मदनमोहन मालवीय १९४६ ला गेले, त्यांना २०१५ मध्ये दिलं. कर्पूरी ठाकूर १९८८ ला गेले, त्यांना २०२४ मध्ये. म्हणजे खाशाबांना किंवा ध्यानचंदांना आज केंद्राला नागरी सन्मान द्यायचा असेल तर नियमाप्रमाणे उघडं असलेलं दार एकच, आणि ते सगळ्यात वरच्या मजल्यावर. 'पद्मभूषण मिळालंय की १९५६ ला' म्हणून ध्यानचंदांचा विषय उडवणाऱ्यांनी याचा विचार करावा. २०१३ मध्ये क्रीडा मंत्रालयाने त्यांचं नाव पुढे पाठवलंही होतं. त्या वर्षी कोणाला मिळालं ते वर आलंच आहे.

आणि सोलकढीताई, घर सोडवलं ते 'प्लस'मध्ये धरायचं का हो?

सोलकढी
@कऱ्हाडकाठ, धरायचं. पण मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय ना? तुम्ही खाशाबांबद्दल सांगितलंत त्यातलं निम्मं मॅटच्या बाहेरचं आहे.

कऱ्हाडकाठ
मॅटवरचं सांगतो मग. मातीत घडलेला मल्ल मॅटवर उतरला, आणि त्याला हरवलं फक्त दोघांनी, जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह. ते दोघे सुवर्ण आणि रौप्य घेऊन गेले. इशीशी लढत झाल्यावर नियमाने अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, ती न देता लगेच दुसऱ्या कुस्तीला उतरवलं, आणि आपल्या बाजूने हरकत घ्यायला तिथे भारतीय अधिकारी हजर नव्हता, असं आमच्याकडे सांगतात. बाजूने बोलायला माणूस नसणं हे तिथूनच सुरू झालं.

ओसाकावासी
वाचनमात्र होतो, पण जपानचं सांगतो.

इथे शास्त्रज्ञ-कलावंतांचा सांस्कृतिक सन्मान वेगळा आहे आणि लोकांच्या लाडक्यांसाठी 'राष्ट्रीय जन-सन्मान' वेगळा. हा दुसरा १९७७ मध्ये सुरूच झाला एका बेसबॉल खेळाडूसाठी, सादाहारू ओह. त्याने ७५६वा होमरन मारून अमेरिकेतला विक्रम मागे टाकला आणि पंतप्रधानांनी नवा पुरस्कार काढला. म्हणजे 'माणूस बघून निकष' हे काही फक्त आपल्याकडचं नाही. 😀

पण पुढची गोष्ट मला जास्त आवडते. बेसबॉलपटू इचिरोने हा सन्मान नाकारला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा २०१९ मध्ये, तो निवृत्त झाल्यावर. २०२१ मध्ये ओहतानी या दुसऱ्या बेसबॉलपटूनेही 'इतक्यात नको' म्हणून नाकारला. निळूकाकांची दहा वर्षांची अट इथे खेळाडूच स्वतःला लावून घेतात. आणि नाही म्हटल्यावर कोणी त्यांना देशद्रोही म्हटलं नाही, हेही महत्त्वाचं.

गल्ली_क्रिकेट
आपल्याकडे नाही म्हणायची सोय नाही हो. मात्र मिळालेला परत ठेवून यायची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बजरंग पुनिया पद्मश्री कर्तव्यपथाच्या फुटपाथवर ठेवून आला.

संपादक मंडळ
कुस्तीगिरांच्या आंदोलनावर इथे नको, कृपया.

वैदर्भी
काय बाप्पा, कुस्तीच्या धाग्यात कुस्तीगीर नको? असो.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. 'नुसता खेळ' आणि 'समाजसेवा' असे दोन डबे केलेतच काहून तुम्ही लोकांनी? पळवणकर बाळू बघा. चांभार समाजातला पोरगा, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायचा आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकायचा. हिंदू संघाने घेतला तो विकेट हव्या म्हणून. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घ्यायचे, पण चहाच्या वेळी हा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. कर्णधार कधीच केलं नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळालं, तेही भांडून.

आता सांगा, बाळूने केलं काय? डावखुरी फिरकी टाकली. बास. भाषण नाही, संस्था नाही. पण त्या एकेका विकेटने किती जणांची मान खाली गेली आणि किती जणांची वर आली! बाबासाहेबांनाही तरुणपणी त्याचं कौतुक होतं. पुढे १९३७ मध्ये दोघे निवडणुकीत समोरासमोर आले आणि बाळू हरला, ते राजकारण वेगळं. त्याला जर आज काही द्यायचं म्हटलं तर सोलकढीताई कोणत्या रकान्यात लिहिणार, खेळ की सार्वजनिक सेवा?

म्हणून निळूकाकांचा दुसरा प्रश्न मला पटतो, पण अर्धा. 'हा नसता तर खेळ वेगळा राहिला असता का' एवढंच नको. 'हा नसता तर बघणारे वेगळे राहिले असते का' हे विचारा.

निळू_का
@वैदर्भी, हे घेतलं. माझ्यापेक्षा बरं मांडलंत. या कसोटीवर सचिनही बसतो असं मला वाटतं. नव्वदीतल्या पोरांना 'जगात कोणापुढे दबायचं नाही' हे त्याने तोंडाने न बोलता दाखवलं. राज्यसभेतली त्याची हजेरी फारच कमी होती, त्यावर लोक अजून टोमणे मारतात. खासदारकीचं मानधन त्याने पंतप्रधान मदतनिधीला दिलं, धाराशिवचं डोंजा गाव दत्तक घेतलं. पण यातलं काहीही त्याच्या भारतरत्नाच्या बाजूने किंवा विरुद्ध मांडायची गरज मला वाटत नाही. तो बॅट घेऊन उभा राहायचा तेवढं पुरे.

@कलम_अठरा, निर्णय राजकीय असतो म्हणून निकषांवर बोलायचंच नाही, हे काही खरं नाही. बोलत राहिलं की निदान पुढच्या वेळी लाज वाटते.

कलम_अठरा
आशावादाला शुभेच्छा.

तांबडी_माती
म्या रोज वाचतो, लिवत न्हाई. आज लिवतोय.

तुमी समदी खेळाडूवर भांडताय. त्याला घडिवणाऱ्याचं काय? आचरेकर सरांच्या चेल्याला भारतरत्न, सरांना पद्मश्री, ती पन २०१० ला, वयाच्या ७७व्या वर्षी. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून पोरगं दिवसभर आउट न होता खेळवायचं, हे कुटल्या रकान्यात बसतं? २०२४ ला मल्लखांबाच्या उदय देशपांड्यांना पद्मश्री दिली तवा बरं वाटलं बगा.

आमच्या तालमीत वस्ताद हायत, नाव सांगत न्हाई, त्यास्नी आवडायचं न्हाई. पाटं चारला येत्यात. आधी माती उकरत्यात खोऱ्यानं, पोरांकडनं न्हाई, सोता. ताक, हळद, तेल, लिंबू घालून माती मळल्यावाणी कालवत्यात. हाताला खडा लागला तर उचलून भाईर. मग पोरं जोर मारत्यात, आनि ह्ये भिताडाला टेकून नुसतं बगत्यात. कुनाचा गुडघा दुखतोय ते चालीवरनं वळिकत्यात. खुराकाला ज्याच्या घरात दूध न्हाई त्याचा रतीब कोन भरतं ते पोराला बी ठाव नसतं. आमास्नी ठाव हाय.

आता असल्या मानसाला भारतरत्न म्हनत न्हाई म्या. पन सरकारी कागदात एकदा नाव यावं का न्हाई?

सोलकढी
दादा, तुमच्या वस्तादांना पद्मचं नामांकन करता येतं. कोणीही नागरिक करू शकतो, ऑनलाइन. मंत्र्याची चिठ्ठी लागत नाही. आणि ते जिवंत आहेत, त्यामुळे कऱ्हाडकाठ म्हणाले ती अडचणही नाही. जास्तीत जास्त ८०० शब्दांत त्यांचं काम लिहायचं असतं.

तांबडी_माती
८०० शब्द? ताई, आमच्यात एवढं शब्द लगीन जमवताना बी लागत न्हाईत.

वैदर्भी
😀😀

सोलकढी
मी लिहून देते. तुम्ही फोनवर सांगा. कुठल्या साली तालीम सुरू केली, किती पोरं राज्य पातळीला गेली, कोण कुठल्या स्पर्धेत, सगळं सालासकट. विशेषणं नकोत, ती मी घालणार नाही.

कलम_अठरा
जन्मतारखेचा पुरावा आणि पत्ता तयार ठेवा. अर्ज तांत्रिक बाबींवरच मागे पडतात. मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून देतो. निवड होईल याची खात्री देत नाही.

कऱ्हाडकाठ
कलम_अठरा कामाला लागले! धागा सार्थकी.

निळू_का
@सोलकढी, आणि ते 'प्लस'चं विसरू नका. आता तुम्हालाच शोधायचंय.

तांबडी_माती
एक इचारायचं ऱ्हायलं. जी पोरं पदकाला गेली न्हाईत पन कुस्तीच्या कोट्यातनं पोलिसात, रेल्वेत, मिल्ट्रीत लागली, त्यांची नावं पन लिवायची का? लई हायत.

सोलकढी
ती आधी लिहा. पदकं नंतर.